दादींची ऑर्डर

शहाडला लोकर कशाला लागते, असं कुणीही विचारावं. उल्हास नदीकाठचा दमट पट्टा. डिसेंबरात पहाटे जरा गारठतं, तेवढंच. त्यात आमची कॉलनी रेयॉनवर जगणारी. लाकडाच्या लगद्यापासून निघणारा तो चकचकीत धागा. गणेशोत्सवात हस्तकला स्पर्धा ठरलेली असे. टेबलावर क्रोशाची तोरणं, मण्यांचे मोर, रेडिओवर टाकायचे रुमाल, कुणी रुखवतासाठी केलेलं काडेपेट्यांचं घर. रेयॉनचं तोरण दिव्याखाली असं झळके की परीक्षक बाई तिथेच थबकत. ओला झाला की तो धागा कमजोर पडतो, पण स्पर्धेत धुऊन कोण बघतंय?

मला विणकाम शिकवलं ते दादींनी. त्या उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात राहायच्या. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला आल्या आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं, तेव्हा दादींच्या बराकीत मधे गोणपाटाचा पडदा टांगून दोन कुटुंबं राहत होती. सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात. अख्खी गल्ली म्हणायची, म्हणून आई म्हणायची, म्हणून मीही. त्यांच्याकडे गेलं की आधी भाजलेला पापड आणि पाणी. मग सुया.

त्यांची ओळख झाली १९६२मध्ये. ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटलं. आपले जवान पुरेशा गरम कपड्यांशिवाय हिमालयात लढताहेत हे घरोघर कळलं आणि देशभर बायका स्वेटर विणायला बसल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याचं कौतुक नळावरसुद्धा चाले. आमच्या महिला मंडळाने मेंदी रंगाची लोकर आणली खरी, पण पंचाईत अशी की क्रोशात बक्षिसं घेणाऱ्या बऱ्याच जणींना दोन सुयांवर पुरुषाचा स्वेटर विणता येईना. मग आईने कुणाच्या तरी ओळखीने दादींना आणलं.

दादी मापं घेत बसल्या नाहीत. बॉर्डर बारीक सुयांवर, एक सुलट एक उलट. अंग जाड सुयांवर. मुंढ्याला टाके कमी करायचे ते दोन्ही बाजूंना सारखे, एवढं सांगून त्या एकेकीच्या मागे उभ्या राहिल्या. एका गोष्टीवर मात्र त्या हटून बसत. गुंडा संपला की नवीन लोकर गाठ मारून जोडायची नाही. नवं टोक जुन्याबरोबर धरायचं आणि पाच-सहा टाके दुहेरी विणायचे. “गाँठ चुभती है,” त्या म्हणाल्या, “ऊपर से बंदूक का पट्टा आएगा.” आणि स्वतःच्या खांद्यावर, पट्टा येतो तिथे, बोट दाबून दाखवलं. विणलेला तुकडा हातात घेतला की सुलट बाजूकडे त्या बघतच नसत. “उल्टा दिखाओ.” मला, वयाच्या मानाने, एक मफलर मिळाला होता. तोही त्यांनी दोनदा उसवायला लावला.

पुढच्या गणेशोत्सवात मी स्पर्धेत स्वेटर ठेवला. दादी बघायला आल्या आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू उलटी करून पाहू लागल्या. परीक्षक बाईंच्या कपाळाला आठ्या. आईला कुठे तोंड लपवू असं झालं. दादींना त्याचं काहीच नव्हतं. एका तोरणाच्या मागचे धागे त्यांनी तिथल्या तिथे, न विचारता, ओवून टाकले. बक्षीस त्याच तोरणाला मिळालं, हेही सांगून टाकते. स्वतः त्यांनी कधी काही स्पर्धेत ठेवलं नाही. कॅम्पातला एक दुकानदार थंडीच्या मालाची ऑर्डर द्यायचा, नगावर पैसे. त्यांचं विणकाम त्या पैशांसाठी.

मी मॅट्रिकला असताना वडील गेले. दिवस झाले आणि दादी लोकरीची पिशवी घेऊन आल्या. म्हणाल्या, आता डोळ्यांनी दिसत नाही, दुकानदाराचं काम हातचं जाईल, तू कर. त्या हंगामापासून ती ऑर्डर माझी झाली. कॉलेजची फी, वह्या, शहाड-कल्याणचा पास त्यातून निघे. शिकवल्याबद्दल आईने त्यांना पैसे देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नव्हते. आता ऑर्डरमधला वाटा देऊ केला, तोही घेतला नाही. पुरणपोळी तेवढी घेत.

वर्षा-दोन वर्षांनी एकदा संध्याकाळी उशिरा, आगाऊ निरोप न देता, मी त्यांच्याकडे गेले. पिवळट बल्बखाली त्या काळी शाल विणत होत्या. काळ्या लोकरीत टाका भर दिवसासुद्धा धड दिसत नाही. दादींनी मात्र चार ओळी खाली गळालेला टाका क्रोशाच्या सुईने अलगद उचलला, वर आणला आणि सुईवर चढवला. मला पाहून त्यांनी शाल खाली ठेवली आणि पापड भाजायला उठल्या. डोळ्यांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. ती ऑर्डर मी पुढे नोकरी लागेपर्यंत केली.

दादी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या मंडळाची स्पर्धा अजून होते, परीक्षक म्हणून मला बोलावतात. मी एकच अट घातली: एका गटात फक्त टोपडी आणि मोजे, आणि ते परत मिळणार नाहीत. ते सरकारी रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात जातात. कमी वजनाच्या बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे फार लवकर जाते, मग बाहेर घामाच्या धारा का लागेनात. परीक्षा करताना टोपडं उलटं करते, आत बोट फिरवते. गाठ लागली की बाद. तरुण मुली कुरकुरतात, इंटरनेटवर नमुने बघून विणणाऱ्या जास्तच. त्यांचे नमुने मात्र छान असतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. यंदा बहुतेक सगळी टोपडी पिवळी आली. कल्याणच्या दुकानात मऊ बेबी वूल त्याच एका रंगात शिल्लक होतं म्हणे.