नाममुद्रेचे मोल

विद्येसाठी खर्च केलेला पैसा वाया जात नाही, हे वाक्य मॉरिशसमधील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. वाक्य खरे आहे. परंतु विद्येच्या नावाने केलेला प्रत्येक खर्च विद्येसाठीच असतो, असे मात्र नाही. या दोहोंतील भेद ओळखण्याचा प्रसंग आजच्या गृहस्थावर ज्या वस्तूमुळे येतो, ती वस्तू म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा लॅपटॉप होय.

एके काळी शिक्षणाच्या वाटेतील मुख्य अडसर शुल्काचा होता. 1977 पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले, 2005 पासून विद्यार्थ्यांना बसचा प्रवास मोफत मिळू लागला आणि 2019 पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील पहिल्या पदवीचे शुल्कही माफ झाले. यामुळे आज रेद्वी येथील विद्यापीठात मुलाला वा मुलीला प्रवेश मिळाला की पित्याच्या हातून एकरकमी असा जो पहिला मोठा खर्च होतो, तो शुल्काचा नसून यंत्राचा असतो. आणि ज्या घरात असा खर्च करण्याची वेळ पूर्वी कधी आलेली नाही, त्या घरात तो करताना मन थोडे बावरते. स्वस्तातले घेतले तर लेकराच्या विद्येत काटकसर केल्यासारखे वाटते. नामांकित कंपनीचे घ्यावे तर घराच्या शिलकीला खिंडार पडते.

दुकानातील विक्रेत्याला ही बावरलेली अवस्था उत्तम ठाऊक असते. तो यंत्राचे गुण थोडे सांगतो आणि नावाचा महिमा फार सांगतो. वास्तविक पाहता लॅपटॉपच्या झाकणावरील ते सुबक चिन्ह काम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कधीच नसते. तो अभ्यास करीत असतो तेव्हा ते चिन्ह समोर बसलेल्यांकडे तोंड करून असते. म्हणजे त्या चिन्हासाठी मोजलेला पैसा मालकाच्या अभ्यासासाठी किती आणि शेजाऱ्याच्या नजरेसाठी किती, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. उसाच्या मळ्यात काम केलेला माणूस कोयता पारखताना पाते, धार आणि हाताला बसणारा तोल पाहतो. मुठीवरच्या रंगाला तो भुलत नाही. लॅपटॉपही अखेर हत्यारच आहे.

तथापि महाग वस्तूवर केवळ महाग म्हणून टीका करणे हाही अन्यायच ठरेल. नामांकित यंत्रांत जे सत्त्व आहे ते मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर 2020 मध्ये अ‍ॅपल कंपनीने एम-1 या स्वतःच्या प्रोसेसरसह मॅकबुक एअर बाजारात आणला. त्यात पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. वीज कमी लागते, त्यामुळे बॅटरी दिवसभराच्या तासांना पुरते. ज्या विद्यार्थ्याने त्या वर्षी तो घेतला, त्याची पदवी पूर्ण होऊन गेली, तरी 2025 च्या शरद ऋतूत आलेली नवी प्रणाली त्या यंत्रावर चालतच होती. पडदा स्वच्छ, बिजागरी घट्ट, कळफलक चांगला आणि विकायला काढल्यास बरी किंमत, एवढे गुण त्यात निश्चित आहेत. बसच्या खिडकीला टेकून रोज तास-दीड तास प्रवास करणाऱ्या आणि दिवसभर वर्गा-वर्गांतून हिंडणाऱ्या मुलाला हलके वजन आणि टिकाऊ बॅटरी यांचे महत्त्व सांगावे लागत नाही.

मात्र याच यंत्राची दुसरी बाजूही आहे. त्यातील मेमरी मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. पुढे गरज वाढली तरी ती वाढवता येत नाही. पूर्वी मॅकबुक एअरच्या मूळ नमुन्यात 8 जीबी मेमरी मिळे. ऑक्टोबर 2024 पासून कंपनीने स्वतःच ती 16 जीबी केली. याचा अर्थ, आदल्या वर्षी मूळ किमतीत यंत्र घेणाऱ्याला जी उणीव राहिली, ती त्याला कधीच भरून काढता येणार नाही. माहितीची साठवणही बोर्डाशी बांधलेली असल्यामुळे बोर्ड निकामी झाला की प्रबंधही त्याच्याबरोबर जाण्याचे भय असते. म्हणून यंत्र कोणतेही असो, लेखनाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हा विद्यार्थ्याचा नित्यनेम असला पाहिजे. शिवाय पाण्याने झालेली हानी नेहमीच्या हमीत सहसा धरली जात नाही. क्यूरपिप-वाक्वाच्या पठारावर जेथे कपाटातल्या पुस्तकांवरही बुरशी धरते, आणि जानेवारी 2024 मधील बेलाल वादळात जेथे पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून गेल्या, त्या बेटावर ही अट लहान म्हणता येणार नाही.

नाममुद्रेला पूर्वीच्या पिढीनेही पैसा मोजला होता. नाही असे नाही. सिंगरचे शिवणयंत्र हे याचे उत्तम उदाहरण होय. ते स्वस्त नव्हते. ग्राहकाकडून हप्त्याहप्त्याने पैसे घेण्याची पद्धत त्या कंपनीने 1850 नंतरच्या दशकातच सुरू केली होती, कारण सामान्य घराला ते यंत्र एकरकमी झेपत नसे. तरीही लोकांनी ते घेतले आणि आजीचे यंत्र नातीपर्यंत चालले. ते का चालले? त्यावरील सोनेरी अक्षरांमुळे नव्हे. सुई, बॉबिन, पट्टा गावोगावी मिळे, यंत्र उघडता येई, तेल घालता येई आणि घरची बाईच त्याची निम्मी दुरुस्ती करी. नावाला मोल आले ते दुरुस्तीमुळे. ज्या नावाच्या मागे सुटे भाग आणि कारागीर उभे असतात, ते नाव पैशाला जागते.

वाक्वाच्या बाजूच्या एका कुटुंबात हाच प्रश्न एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी निघाला. वडील पश्चिम किनाऱ्यावरील एका हॉटेलच्या धुलाईघरात नोकरीला. थोरल्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला. धाकटी एचएससीच्या परीक्षेच्या वर्षात, आणि तिच्या दोन विषयांच्या खाजगी शिकवण्या चालू. थोरलीच्या मैत्रिणीने नामांकित कंपनीचा लॅपटॉप घेतला होता आणि तोच आपल्यालाही हवा, असे तिने स्पष्ट म्हटले. वडिलांचे मन तिच्या बाजूने झुकले होते. स्वतः त्यांना शाळा मध्येच सोडावी लागली होती; मुलीने वर्गात कोणापेक्षा कमी दिसू नये, ही त्यांची इच्छा कोणालाही समजण्यासारखी होती. आईने हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की हप्ते भरायचे तर धाकटीची एक शिकवणी बंद करावी लागेल. धाकटी काही बोलली नाही. ताटातील भात तिने एका बाजूला सारला, इतकेच.

तेव्हा आजीने क्रेओलमध्ये एकच प्रश्न विचारला: ते बिघडले तर दुरुस्त कोण करील, आणि किती दिवसांत? या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलीने चौकशी केली. तिच्या अभ्यासक्रमात वापरायचे सॉलिडवर्क्स विंडोजवर चालते, मॅकवर चालत नाही, हे तिला त्या चौकशीत कळले. मैत्रिणीचा विषय वेगळा होता. तिची निवड तिच्या कामाला योग्य होती. ज्या वस्तूसाठी धाकटीची शिकवणी बुडणार होती, ती वस्तू थोरलीच्या अभ्यासाला उपयोगीच पडली नसती.

या प्रसंगाचे तात्पर्य असे की यंत्राची निवड नावापासून न करता अभ्यासक्रमापासून केली पाहिजे. वास्तुशास्त्रातील रेव्हिट आणि भूगोलातील आर्कजीआयएस प्रो हीदेखील विंडोजचीच. उलटपक्षी चित्रफितींचे संपादन फायनल कट प्रोवर किंवा संगीताचे काम लॉजिक प्रोवर करावयाचे असेल, तर लॅपटॉपांत मॅकवाचून गत्यंतर नाही, आणि तेथे तो पैसा सत्कारणी लागतो. कायदा, इतिहास, वाणिज्य यांच्या विद्यार्थ्याला वाचन, लेखन आणि कोष्टके एवढेच मुख्यतः लागते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा अभ्यास करणाऱ्याला देवनागरी कळफलक हवा, आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य मिळतो. महाग यंत्रावर टंकलेली वेलांटी स्वस्त यंत्रावरच्या वेलांटीपेक्षा शुद्ध नसते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, नामांकित यंत्राला 60,000 रुपये पडले, ते 6 वर्षे चालले आणि शेवटी 15,000 रुपयांना विकले गेले. तर वर्षाला 7,500 रुपये खर्च आला. समजा, स्वस्त यंत्र 24,000 रुपयांना घेतले आणि ते 2 वर्षांत बिजागरी तुटून टाकून द्यावे लागले. तर वर्षाला 12,000 रुपये झाले. येथे महाग तेच स्वस्त ठरले. परंतु तेच महाग यंत्र दरमहा 3,000 रुपयांप्रमाणे 24 हप्त्यांनी घेतले, तर 72,000 रुपये भरावे लागतात. आणि ते तिसऱ्या वर्षी पाणी जाऊन बंद पडले, तर वर्षाला 24,000 रुपये पडतात. म्हणून वस्तूची किंमत किती, यापेक्षा ती किती वर्षे सेवा देईल आणि मधल्या अपघाताचा भार कोण सोसेल, हे विचारणे शहाणपणाचे.

या दोन टोकांमध्ये एक मधला मार्गही आहे. कचेऱ्यांसाठी बनवलेले लॅपटॉप, उदाहरणार्थ लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड, तीन-चार वर्षांच्या वापरानंतर कार्यालये काढून टाकतात आणि ते दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला येतात. त्यांची बांधणी दणकट असते, पुष्कळ नमुन्यांत बॅटरी, साठवण आणि काहींत मेमरीही बदलता येते, आणि उघडून कसे जोडावे याची पुस्तिका लेनोवो सर्वांना उपलब्ध करून देते. सिंगरच्या यंत्राशी नाते सांगणारे यंत्र शोधायचे तर ते येथे सापडेल. मात्र घेताना डोळे उघडे हवेत. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. म्हणून विंडोज 11 रीतसर चालेल असेच यंत्र घ्यावे. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सामान्यतः आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा लागतो. मेमरी 16 जीबी असावी. बॅटरीची अवस्था विचारावी. कारण चांगली बॅटरीदेखील रोज एकदा पूर्ण वापरली तर सुमारे 1000 दिवसांनी, म्हणजे पदवीच्या तीन वर्षांतच, थकू लागते. विकणाऱ्याने हमी लेखी द्यावी. आणि सर्वांत स्वस्त असे नवे यंत्र, ज्यात 4 जीबी मेमरी बोर्डवर जखडलेली असते, ते विद्यार्थ्याने घेऊच नये. तेथे वाचवलेला पैसा परीक्षेच्या आठवड्यात व्याजासह वसूल होतो.

राहता राहिला हप्त्यांच्या कागदाचा प्रश्न. मॉरिशसच्या भूमीवर कराराच्या कागदाचा इतिहास फार जुना आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी अ‍ॅटलस जहाजाने आलेल्या मजुरांपासून पुढे लाखो माणसे करारावर येथे उतरली. कोकणातून आणि देशावरून आलेल्यांनीही तोच कागद मान्य केला. आरंभीच्या करारांत पाच वर्षे बांधून घेतलेली असत आणि पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी असे. एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आंगठा उठवणाऱ्यांतील बहुतेकांना तो कागद वाचता येत नव्हता. पुढे त्यांनी संध्याकाळच्या बैठकांत कंदिलाच्या उजेडात मुलांना अक्षरे शिकवली, ती पुढच्या कोणालाही न वाचता सही करण्याची पाळी येऊ नये म्हणूनच. दुकानातील हप्त्यांचा करार म्हणजे मळ्यावरील करार नव्हे. कोणी तशी तुलना केली तर ती पूर्वजांच्या हालांना कमी लेखणारी होईल. तथापि ज्याला वाचता येते त्याने एकूण रक्कम, व्याज, उशिराचा दंड आणि सक्तीने जोडलेला विमा न वाचता सही करावी, हे त्या बैठकांना शोभणारे नाही.

नाममुद्रेचा लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा, याचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. अभ्यासक्रमाला तोच लागत असेल, घरात पैसा हाताशी असेल आणि तो पाच-सहा वर्षे जपून वापरण्याची शिस्त असेल, तर तो अवश्य घ्यावा; त्यात उधळपट्टी नाही. परंतु त्यासाठी भावंडाच्या वाट्याचे पुस्तक वा शिकवणी काढून घ्यावी लागत असेल, तर तो फुकट मिळाला तरी महागच म्हणावा लागेल. घरातील विद्या ही एकाची मिळकत नसते. थोरल्याच्या यंत्रामागे धाकट्याचा अभ्यास थांबणार नाही, एवढे पाहून जो खर्च होतो, तोच विद्येसाठी केलेला खर्च. आणि तो मात्र खरोखरच वाया जात नाही.