धम्मयात्रेची गाडी आणि पाण्याचा नळ

बौद्ध माणसाने आयुष्यात एकदा तरी बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी पाहावी ही इच्छा आता आपल्या वस्त्यावस्त्यांतून रुजली आहे. कुणी भिशीतून पैसे बाजूला काढतो, कुणी बोनसची वाट पाहतो, तर कुणा आईच्या हाती मुलगा पहिल्या पगाराचे पैसे ठेवतो. रेल्वेने जाणारे जातात. पण चाळीस-पंचेचाळीस माणसे मिळून एक बस ठरवायची, बसच्या मागच्या दोन रांगा काढून तिथे स्वयंपाकाचे सामान लावायचे आणि बारा-पंधरा दिवस त्याच घरात राहायचे, ही पद्धत कष्टकरी कुटुंबांना जास्त परवडते. अशाच एका गाडीतून नागपूरहून केलेल्या प्रवासाची ही हकिगत आहे. तीर्थस्थळांबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मी त्याबरोबर गाडीतल्या पाण्याबद्दलही लिहिणार आहे, कारण पाण्यावाचून यात्रा होत नाही.

गाडीची रचना

आमच्या बसमध्ये मागे लोखंडी अँगलच्या घडवंचीवर दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम बांधला होता. वर झाकण, खाली अर्ध्या इंची पितळी नळ. नळाखाली टब. बाजूला तांदूळ, कणीक आणि डाळीची पोती. स्वयंपाक गाडी थांबल्यावर बाहेर मोकळ्या जागेत व्हायचा, पण पाणी सगळे याच ड्रमातून. बेचाळीस माणसे, त्यांत सात मुले आणि साठीच्या पुढच्या अकरा उपासिका.

माघ पौर्णिमेच्या सुमारास आम्ही निघालो. सिवनीचे जंगल ओलांडून, नर्मदेवरून जबलपूर, पुढे कटनी, मैहर, रिवा असा रस्ता. तिसऱ्या दिवशी सकाळी सारनाथला पोहोचलो.

सारनाथ

पाच भिक्खूंना तथागतांनी पहिला उपदेश केला ती ही जागा. धमेक स्तूपाची उंच विटांची वर्तुळाकार भिंत आणि तिच्यावरची दगडी नक्षी पाहून गाडीतले सगळे गप्प झाले. स्तूपासमोर त्रिशरण-पंचशील घेतले. मूलगंधकुटी विहार १९३१ साली बांधून झाला. आतली बुद्धचरित्राची भित्तिचित्रे कोसेत्सू नोसू या जपानी चित्रकाराची आहेत. संग्रहालयात अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष आहे, जो २६ जानेवारी १९५० पासून भारताची राजमुद्रा आहे. शाळकरी मुलांना हे नाण्यावरचे सिंह खरे कुठले ते दाखवावे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे दिवस ठरवतानाच लक्षात ठेवावे.

तिथून निघताना स्वयंपाकाच्या काकूंनी कणकेचे पोते उचलले, तर त्याची बुडाची बाजू ओली. नळ गळत होता. सोबतीला रस्त्याचे धक्के, म्हणून टबातले पाणी उसळून पोत्याखाली गेले होते. तीन-चार किलो कणीक वाया गेली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या कणकेला प्रत्येक घराच्या वर्गणीचे पैसे लागले होते.

थेंबांचा हिशेब

"थेंब-थेंब तर आहे, चालू द्या," असे एकजण म्हणाला. आमच्यात आयटीआयला फिटर ट्रेड शिकणारी एक मुलगी होती. तिने काही न बोलता नळाखाली दोनशे मिलिलिटरचा पेला ठेवला आणि घड्याळ पाहिले. अर्ध्या तासात पेला भरला. म्हणजे तासाला चारशे मिलिलिटर, चोवीस तासांत साडेनऊ लिटरच्या वर आणि बारा दिवसांच्या प्रवासात एकशे पंधरा लिटर. अर्ध्याहून जास्त ड्रम! हिशेब ऐकल्यावर "चालू द्या" म्हणणारे गप्प झाले.

मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "पोरी, थेंब गळू देऊ नको. आम्ही वरतून वतलेलं पानी पेलो. ओंजळ धरून बसाचं, मंग कोनी वतनारा येईल तवा." मुले आजीकडे पाहतच राहिली. त्यांना घरात नळ ठाऊक आहे, ओंजळ ठाऊक नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, ते कशासाठी, हे पुस्तकाच्या धड्यापेक्षा आजींच्या त्या वाक्याने त्यांना जास्त कळले असेल. त्या तळ्याच्या हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले, हेही गाडीतच एका गुरुजींनी सांगितले.

बोधगया येथे दुरुस्ती

डेहरीजवळ शोण नदीचा लांबच लांब पूल ओलांडून रात्री बोधगयेला आलो. पहाटे महाबोधी महाविहारात वंदना केली. बोधिवृक्षाखाली देशोदेशीचे उपासक बसलेले असतात. तिथे कुणी कुणाला जात विचारत नाही. हे महाविहार २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मात्र त्याचा कारभार अजूनही १९४९ च्या कायद्याने नेमलेल्या समितीकडे आहे. त्यात चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. भदन्त सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली १९९२ पासून जे आंदोलन झाले, त्यात महाराष्ट्रातून हजारो लोक गेले. २०२५ मध्येही भिक्खू याच मागणीसाठी उपोषणाला बसले. बुद्धाचे विहार बौद्धांच्या ताब्यात असावे, ही मागणी यात्रेकरूंनी समजून घेतली पाहिजे. नुसते फुले वाहून परतू नये.

दुपारी धर्मशाळेच्या अंगणात नळाचे काम काढले. ते कसे केले हे सविस्तर सांगतो, कारण घरचा नळही असाच दुरुस्त होतो.

आधी त्या मुलीने नळ फडक्याने कोरडा पुसला आणि तीन ठिकाणी वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे धरले. तोंडातून गळत असेल तर आतला वायसर झिजलेला असतो. मुठीखालच्या दांडीजवळ ओल दिसली तर तिथले पॅकिंग सैल झालेले असते. ड्रमाच्या भोकाशी ओल असेल तर चेकनट किंवा रबरी रिंग ढिली असते. आमच्या नळाचे तोंड गळत होते आणि ड्रमाचा सांधाही ओला होता.

घराच्या नळाला मागे कॉक असतो, तो बंद करता येतो. ड्रमाला तो नव्हता. म्हणून सगळे पाणी गुंड, पातेली आणि बादल्यांत काढून झाकून ठेवले. पान्याने नळाची वरची टोपी उलट फिरवून काढली. आतल्या वायसरवर गोल खाच पडली होती आणि बैठकीवर वाळूचा कण अडकला होता. वायसर खराब का होतो? नळ गळू लागला की आपण मूठ जोराने आवळतो. आवळल्याने रबर कापले जाते आणि नळ आणखी गळतो. बैठक कापडाने पुसून नवा वायसर बसवला. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात तो दहा रुपयांत मिळाला. दुकान जवळ नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून एक-दोन दिवस काम भागते, मात्र पिण्याच्या पाण्याला तो कायमचा ठेवू नये.

मग नळ ड्रमातून सोडवला. आट्यांवरचा जुना टेप खरवडून काढला. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नव्या टेपचे आठ-दहा वेढे ताणून दिले. उलट दिशेने दिले तर नळ बसवताना टेप सुटून येतो. आतली चेकनट धरायला ड्रम आडवा केला आणि आठवीतला एक मुलगा खांद्यापर्यंत आत शिरला. आतून त्याने धरले, बाहेरून तिने फिरवले. प्लॅस्टिकच्या ड्रमाला पान्याचा जास्त जोर लावला की भोकाजवळ तडा जातो. म्हणून हाताने घट्ट बसले की त्यापुढे पाव फेरा पुरे.

ड्रम भरून नळाखाली रात्रभर कोरडा कागद ठेवला. सकाळी कागद कोरडाच होता. आजींनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ज्यांना बाईमाणसाच्या हातात पाना पाहून आदल्या दिवशी हसू येत होते, तेच काका पुढे प्रत्येक मुक्कामी "ताई, एकदा नळ बघता का?" असे विचारू लागले.

कुशीनगर आणि लुंबिनी

राजगीर, नालंदा पाहून कुशीनगरला गेलो. निर्वाण विहारातील वीस फुटी पहुडलेली मूर्ती पाहून कित्येकांना रडू आले. कुसिनारेच्या वाटेवर आजारी तथागतांनी आनंदाकडे पाणी मागितले होते. नुकत्याच पाचशे गाड्या ओढ्यातून गेल्या होत्या, पाणी गढूळ होते, म्हणून आनंद कचरला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर गेला, तर पाणी नितळ वाहत होते. महापरिनिब्बान सुत्तातली ही गोष्ट भन्तेजींनी सांगितली आणि म्हणाले, "गढूळ मनालाही थोडा वेळ द्यावा."

सोनौलीहून नेपाळात लुंबिनीला गेलो. तिथल्या स्तंभावर अशोकाने लिहून ठेवले आहे, की भगवंत इथे जन्मले म्हणून या गावाचा बळी माफ केला आणि धान्याचा कर आठव्या हिश्शावर आणला. त्याच मुलखात रोहिणी नदी आहे. तिच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय एकमेकांच्या जिवावर उठले. सिद्धार्थाने शाक्य संघात युद्धाला विरोध केला आणि परिव्रज्या घेतली, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. पाण्याच्या तंट्यातून माणुसकीचा मार्ग शोधणारा बुद्ध आणि पाण्याच्या हक्कासाठी उभे राहिलेले बाबासाहेब यांच्यात आपल्याला नाते दिसते, ते उगीच नव्हे.

यात्रेला जाणाऱ्यांसाठी

निघण्याच्या आदल्या दिवशी ड्रम भरून गाडी गावात एक फेरी मारून आणावी. गळती असेल तर घरीच कळते. नळ तळापासून दोन बोटे वर बसवावा, म्हणजे गाळ खाली राहतो. नळाला बादली अडकवू नये आणि त्याखाली लाकडाचा ठोकळा द्यावा. पोती फळीवर ठेवावीत. एका पिशवीत पाना, पक्कड, दोन वायसर, टेप आणि जुने फडके असावे. आणि या कामात मुलींनाही घ्यावे. बाबासाहेबांनी शिका म्हटले, ते हाताच्या विद्येलाही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!