उमेओचे माळकरी

रिफ्यूज्ड हा पंक बँड १९९१ मध्ये स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमेओ या विद्यापीठाच्या गावात सुरू झाला. गायक डेनिस लिक्सेन, ड्रमवर डेव्हिड सांडस्ट्रॉम. मी त्यांना ऐकलं इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीवरून. तोवर बँड मोडून काही वर्षं झाली होती. गाण्यांइतकीच मला त्यांच्या राहणीने ओढ लावली. ही पोरं दारूला शिवत नव्हती, मांस-दूध-अंडी खात नव्हती. नव्वदच्या दशकात उमेओत असं जगणाऱ्या तरुणांची चळवळच उभी राहिली होती. माझे आजोबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून मटण आणि दारू वर्ज्य. आजोबांचं व्रत विठ्ठलासाठी, या पोरांचं भांडवलशाहीविरुद्ध आणि मुक्या प्राण्यांसाठी. पण बोलावं तसं जगावं, हा हट्ट दोन्हीकडे तोच. म्हणून त्यांचं किंचाळणं मला खरं वाटलं.

‘द शेप ऑफ पंक टू कम’ हा अल्बम १९९८ चा. नाव ऑर्नेट कोलमनच्या १९५९ च्या जॅझ अल्बमवरून बेतलेलं. पंकच्या धडाक्यात मध्येच डबल बेसवर जॅझ सुरू होतो, इलेक्ट्रॉनिक ठोके येतात, व्हायोलिनही येतं. ‘न्यू नॉइज’ या गाण्यात गिटार ताण वाढवत नेते आणि मग लिक्सेन असा ओरडतो की आजही अंगावर काटा येतो. बंडाची भाषा करणाऱ्यांनी स्वतःचं संगीतही मोडून पाहावं, हे मला फार मोठं वाटतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात बँड फुटला. शेवटचा कार्यक्रम व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गमध्ये, एका घराच्या तळघरात. तोही पोलिसांनी बंद पाडला. आमचे फोटो जाळून टाका, असं त्यांनी निरोपाच्या पत्रकात वर्तमानपत्रांना बजावलं.

२०१२ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, कोचेला संगीत महोत्सवात वाजवलं. पैशांसाठी आले, अशी टीका झाली. मला मात्र आनंद झाला. ही गाणी जगभर पोचली ती बँड संपल्यावर, मग ती वाजवायचा पहिला हक्क त्यांचाच. नंतरचे ‘फ्रीडम’ आणि ‘वॉर म्युझिक’ हे अल्बम त्या उंचीला जात नाहीत, हेही खरं. पुढे एकदा मुलाच्या खोलीतून तो आवाज ऐकू आला. तो खेळत असलेल्या ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेममधल्या ‘सामुराय’ बँडची गाणी रिफ्यूज्डनेच केली आहेत. मुलाला ते ठाऊक नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी १९९८ चा अल्बम पहिल्यापासून ऐकला.

२०२४ च्या उन्हाळ्यात लिक्सेनला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून तो सावरला, आणि डिसेंबरमध्ये रिफ्यूज्डने आपले शेवटचे कार्यक्रम उमेओतच केले.