झोका छोटा, आम्ही मोठे!

क्रांती चौक बघायचा तर संध्याकाळी साडेसहाला बघावा. ऑफिसं सुटलेली असतात, जालना रोडचं सगळं ट्रॅफिक पुलावरून आणि पुलाखालून एकदमच वाहत असतं, पैठण गेटकडून येणारे रिक्षावाले सिग्नलला फारसं मनावर घेत नाहीत. आणि या कल्लोळाच्या वर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा! २०२२ मध्ये नव्याने उभारलेला, चौथऱ्यासकट पन्नास फुटांच्याही वर. मोबाइल उंचावून फोटो काढणाऱ्यांची गर्दी रोजचीच.

चौकाला हे नाव उगाच पडलेलं नाही. १८५७ मध्ये इथल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातल्या सैनिकांनी बंड केलं आणि इथल्याच काळ्या चबुतऱ्यापाशी त्यांना देहदंड झाला. शहराला काही म्हणायचं असलं की ते आजही इथेच येऊन म्हणतं. ९ ऑगस्ट २०१६ ला कोपर्डीच्या घटनेनंतरचा पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा याच चौकातून निघाला, तेव्हा सगळ्यात पुढे मुली होत्या. निवेदनही मुलींनीच दिलं. ते फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

ते फोटो पुन्हा बघताना माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. मोर्चात पुढे असणाऱ्या या वयाच्या मुली एरवी संध्याकाळी असतात तरी कुठे? म्हणजे बघा ना, चौकात मुलं दिसतात. बाइकला टेकलेली, चहाच्या टपरीवरची, पुलाखालची. मुली दिसतात त्या चालताना. क्लासकडून घरी, घराकडून क्लासला. थांबलेली मुलगी दिसत नाही.

मग बागेत असतील, असं म्हणून मी चौकाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये शिरले. तिथल्या एका कॉलनीत एक छोटंसं उद्यान आहे. नाव मुद्दामच देत नाही, कारण ते तुमच्याही कॉलनीत आहे. पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, मधे लॉनचा चौकोन, कोपऱ्यात हिरवी-पिवळी ओपन जिम, दोन झोके, एक घसरगुंडी. झोक्यापाशी पाटी : बारा वर्षांवरील मुलांनी वापरू नये. गेटवर लोखंडी नळ्यांची वाकडी वाट, म्हणजे गाई-म्हशी आणि मोटरसायकली आत येणार नाहीत. सहा वर्षांच्या आतल्यांसाठी घसरगुंडी, साठीच्या वरच्यांसाठी बाक. मधल्यांनी काय करायचं? मधल्यांनी मोठं व्हायची वाट बघायची!

मी तिथे तीन संध्याकाळी गेले. चौथ्या वेळी एकटी गेले नाही. जवळच्या क्लासमधली, शेजारच्या बिल्डिंगमधली अशी आठ जणं जमवली. वय तेरा ते सतरा, चार मुली, चार मुलगे. बरोबर एक मोठा कागद, त्यावर बागेची बाहेरची रेघ तेवढी काढलेली, आणि स्केचपेनं. म्हटलं, ही बाग तुमच्या ताब्यात दिली तर काय कराल?

पहिली दहा मिनिटं नुसतं खिदळणं. वॉटरपार्क, वायफाय, पिझ्झा. आपल्याला कोणी खरंच विचारतंय यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो का असावा? एप्रिल २०२० मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. आज जो मुलगा पंधराचा आहे, त्याला कळायला लागल्यापासूनच्या त्या वर्षांत वॉर्डात नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. कोणाकडे जाऊन सांगायचं, हे त्याला कोण शिकवणार?

मग दहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘दीदी, हमको भी झूला होना ना!’ आणि गाडी रुळावर आली. तिला मोठा झोका हवा होता. दोघी-तिघींना बसता येईल असा, पाटी नसलेला. ती म्हणाली, सातवीपर्यंत ती रोज इथे यायची. नंतर घरून प्रश्न सुरू झाला, बागेत तुझं काय काम? तीन वर्षांत ती आत आली ती फक्त लहान भावाला घेऊन. ‘छोटू साथ में रहा तो कोई कुछ नहीं बोलता.’ भाऊ म्हणजे तिचा बागेचा पास!

ही काही आपल्या शहराचीच गोष्ट नाही. युरोपातल्या व्हिएन्नामध्ये नव्वदच्या दशकात बागांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमधून गायब होतात, मुलगे मात्र येत राहतात. कारण भीती एवढंच नव्हतं. एकच मोठी मोकळी जागा असली की तिथे मुलग्यांचा खेळ सुरू होतो आणि ताकदीच्या जोरावर जागा त्यांची होते. भांडून ती मिळवण्यापेक्षा मुली घरी राहतात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागांचा नकाशा बदलला. मोठ्या मोकळ्या जागेचे छोटे भाग केले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय केली, वाटा सोप्या केल्या. मुली परत आल्या! स्वीडनच्या माल्मो शहराने आणखी पुढची उडी मारली. खेळाच्या मोफत जागा बहुतेक मुलगेच वापरतात हे लक्षात आल्यावर तिथल्या रोझेनगार्ड वस्तीतल्या तरुण मुलींनाच कामावर घेतलं. त्यांनी मागितलं काय, तर नाच-गाण्याला एक स्टेज. कुठल्या इंजिनीअरला सुचलं असतं?

आमच्या कागदावर व्हिएन्नाचं भांडण जसंच्या तसं उतरलं, तेही कोणी न सांगता. मुलग्यांनी बॉक्स क्रिकेटची जाळी काढली आणि त्यात तीन चतुर्थांश बाग संपली. मुली म्हणाल्या, मग आम्ही कुठे? मुलगे म्हणाले, बाजूला बसा ना. यावर जे झालं ते छापण्याजोगं नाही. पण मुलग्यांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. ‘आम्ही आत आलो की वॉचमनमामा शिट्टी वाजवतात. रस्त्यावर खेळलं तर गाड्या, गच्चीवर खेळलं तर सेक्रेटरी. मग चौकातच उभं राहायचं ना?’ पुलाखालच्या बाइकवाल्यांकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने बघते.

मॉर्निंग वॉकवाल्या काकांनाही विचारलं. त्यांचं मत स्पष्ट : ‘मोठी पोरं आली की सिगारेटी, टवाळक्या, मोठ्याने गाणी. बाग कुटुंबांसाठी आहे.’ त्यांची काळजी खोटी नाही, बाकामागे पाकिटं पडलेली मीही पाहिली. पण सोळा वर्षांची मुलं कुटुंबात मोडत नाहीत, हे मला नवीनच होतं.

आणि मग तो बोलला. आठ जणांतला सगळ्यात मोठा, सतरा वर्षांचा, व्हीलचेअरवर. तोपर्यंत आम्ही सगळे आत आणि तो गेटबाहेर होता, कारण त्या वाकड्या नळ्यांमधून त्याची खुर्ची येत नाही. मग कागद घेऊन आम्हीच बाहेर फुटपाथवर बसलो. तो म्हणाला, ‘बाबा मला उचलून आत नेतात. लहान होतो तेव्हा ठीक होतं. आता सतरा वर्षांच्या मुलाला उचलून नेताना सगळी बाग बघते. म्हणून मीच नको म्हणतो.’

उताराचं गणित त्याला तोंडपाठ होतं. एक इंच चढायला बारा इंच लांबी. गेटची पायरी सहा इंचांची, म्हणजे सहा फुटांचा उतार. बस, एवढंच! दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असं तो सांगतो. बंगळुरूमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांच्या ‘किलीकिली’ या गटाने २००० च्या दशकातच कोल्स पार्कपासून सुरुवात केली : एकाच बागेत सगळी मुलं एकत्र खेळतील, अशी खेळणी आणि अशा वाटा. नागपुरात २०२३ मध्ये ‘अनुभूती’ या दिव्यांगांसाठीच्या मोठ्या उद्यानाची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण नागपूरचं उद्यान कितीही देखणं झालं, तरी या मुलाला हवंय त्याच्या गल्लीतलं. मित्र जिथे आहेत तिथलं.

मुलांना विचारणं ही कुणाच्या चांगुलपणाची गोष्टही नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्येच मान्य केला. अठराच्या आतल्या प्रत्येकाला खेळाचा हक्क आणि आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा हक्क, दोन्ही त्यात आहेत. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने १९७० च्या दशकात युनेस्कोसाठी चार देशांतल्या किशोरवयीन मुलांना त्यांच्या वस्तीचे नकाशे काढायला लावले होते. मेलबर्नच्या मुलांकडे मोठमोठ्या बागा होत्या, आणि मुलं कंटाळलेली होती. सपाट गवताचं करायचं काय? २०१२ पासून तर ‘यूएन हॅबिटॅट’ माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमवर मुलांकडून चौक आणि बागा डिझाइन करून घेतंय, मुंबईतही तसे आराखडे झालेत. आपल्या पोरांना माइनक्राफ्ट येतं, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे मुलांना बोलावतात ते उद्घाटनाला. स्वागतगीत म्हणायला, पुष्पगुच्छ द्यायला! विचारायचं तर टेंडर निघायच्या आधी. नंतर विचारून रंग तेवढा बदलता येतो.

अंधार पडता पडता कागद भरला. लॉन गेलं. त्यावर सगळ्यांचं एका मिनिटात एकमत झालं. ‘आमच्याकडे नळ रोज येत नाही आणि लॉनला रोज पाणी?’ असं एक तेरा वर्षांची म्हणाली आणि विषय संपला. त्या जागी कडुलिंब आणि खाली समोरासमोर तोंड करून बाक. एका रेषेतले नकोत, कारण तसे बाक बघायला असतात, गप्पा मारायला नाहीत. हा मुद्दा मला तरी आजवर सुचला नव्हता. दिवे झाडांच्या वर नाही, खाली. मागच्या बाजूला दुसरं गेट, म्हणजे कोणी त्रास दिला तर निघता येईल. टॉयलेट, आतून कडी लागणारं. मोठा झोका गेटजवळ, लोकांना दिसेल असा. बॉक्स क्रिकेट आक्रसून एका कोपऱ्यात गेलं, नुसती नेट प्रॅक्टिस. मुलगे अजून नाराज आहेत.

गेटच्या नळ्यांवर लाल फुली मारली ती व्हीलचेअरवाल्याने. मग गाई आत येतील त्याचं काय, असं कोणीतरी विचारलं. जरा विचार करून त्याने तिथे एक रुंद फाटक काढलं, आपोआप बंद होणारं, आणि कडी कुठे असावी ते बाणाने दाखवलं. जमिनीपासून तीन फुटांवर.

कागदाचे फोटो आठही जणांच्या मोबाइलमध्ये आहेत. मूळ कागद त्या दहावीतल्या मुलीने मागून घेतला. वॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा, तो मराठीतच लागतो का आणि त्यावर सही मोठ्या माणसाचीच लागते का, असं तिने मला विचारलंय. पुढच्या सोमवारी सकाळी क्लास बुडवून आम्ही दोघी जाणार आहोत. छोटूला घरी ठेवून.