सदाफुली, कांदा आणि नाना

उम्म सलाल मोहम्मदच्या उन्हाळ्यात जे झाड फुलं देतं, त्याला नमस्कारच करावा. आमच्या कंपाउंडमध्ये बोगनवेल सोडली तर असं झाड एकच, सदाफुली. दोहाच्या चौकांत, व्हिलांच्या फाटकांशी, सगळीकडे ती दिसते. मूळची मादागास्करची, पण आपल्यातल्या बहुतेकांना ती आजोळच्या परसातलीच वाटते.

गेल्या हिवाळ्यात माझे सासरे, म्हणजे नाना, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे राहायला आले. वय 74, मधुमेह जुना, जन्म खटाव तालुक्यात शेती करण्यात गेलेला. आल्यावर तिसऱ्याच दिवशी सकाळी बर्झानच्या बुरुजांपर्यंत फेरी मारून परत येताना त्यांनी फाटकाजवळची सहा फुलं आणि चार पानं खुडली आणि अनशापोटी चावून खाल्ली.

"साखरेला चांगली असते. गावाकडं निम्मी आळी खाते," ते म्हणाले. मग हळूच पुढचं सांगितलं : महिनाभर गुण आला, की रात्रीची गोळी बंद.

मी लग्नाआधी दोन वर्षं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हेच काम करत होते. औषधी वनस्पतींचे अर्क काढायचे आणि ते पेशींना आणि जनुकांना कितपत विषारी आहेत, ते तपासायचं. आता इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे गप्प बसणं शक्य नव्हतं आणि सासऱ्यांना एकदम "खाऊ नका" म्हणणंही शक्य नव्हतं.

सदाफुलीची कथा मोठी गमतीची आहे. 1950च्या दशकात जमैकातून कॅनडात या झाडाची पानं पोचली, ती मधुमेहावरचं गावठी औषध म्हणूनच. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. उंदीर मात्र संसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. त्या शोधातून विनब्लास्टीन हाती आलं, पाठोपाठ विन्क्रिस्टीन. आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर विन्क्रिस्टीन हे मोलाचं औषध आहे. पेशी विभागताना रंगसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणारे धागे ते बनूच देत नाही. विभागणी अडते आणि पेशी मरते. म्हणजे या झाडाचं औषधपण त्याच्या विषारीपणातच आहे.

हे सगळं नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पुस्तकातलं उंदरांचं झालं. डोळ्यांनी दिसेल असं काही आहे का?"

होतं. कांदा!

1938 साली स्वीडनमध्ये अल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम तपासला. आपल्याकडच्या कळलावीत असतं तेच हे कोल्चिसिन. तेव्हापासून कांद्याची मुळं ही विषारीपणा तपासण्याची स्वस्त आणि भरवशाची चाचणी झाली. कांद्याच्या पेशीत रंगसूत्रं 16च, पण चांगली ठसठशीत. साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. (याच लेव्हान यांनी पुढे जो हिन त्जिओ यांच्याबरोबर माणसाची रंगसूत्रं 46 असतात हे दाखवलं.)

लोणंदच्या बाजारात वर्षानुवर्षं कांदा घातलेल्या माणसाला आणखी काय हवं? बाजारातून लहान कांदे नानांनीच निवडून आणले, बुडं खरवडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यांच्या तोंडांवर बसवले. एका ओळीत साधं पाणी, दुसरीत मेथीचं पाणी, तिसरीत सदाफुलीच्या पानाफुलांचा काढा. रोज सकाळी पाणी, मेथी आणि काढा बदलायचं काम नानांचं. मोजपट्टी घेऊन मुळं मोजायचं काम नातीचं.

पाचव्या दिवशी साध्या पाण्यातली मुळं दाढीसारखी लोंबत होती. मेथीतली थोडी आखूड. सदाफुलीतली जेमतेम नखाएवढी, टोकाला जाडसर. मी शाळेत परवानगी घेऊन मुळांची टोकं रंगवली, काचेवर दाबली आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र मोबाइलवर टिपून घरी आणलं. पाण्यातल्या कांद्याच्या पेशींत रंगसूत्रं दोन्ही टोकांना शिस्तीत निघालेली. सदाफुलीच्या कांद्यात ती मधेच गोळा होऊन अडकलेली.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पण माझ्या पोटात मुळं थोडीच आहेत?"

प्रश्न रास्त होता. कांदा म्हणजे माणूस नव्हे. मुळं तर मिठाच्या पाण्यातही खुंटतात. म्हणूनच प्रयोगशाळेत एका चाचणीवर कोणी निकाल देत नाही. माणसाच्या पेशींवर अर्क घालून पिवळा रंग टाकतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. जनुकांत बदल होतो का, हे एम्स चाचणीत जिवाणूंवर बघतात. धूमकेतू चाचणीत विजेच्या प्रवाहाने तुटलेला डीएनए पेशीमागे शेपटीसारखा ओढला जातो. शेपूट जितकी मोठी, तितकी मोडतोड जास्त. पेशी मेली तर निदान कळतं. जनुकाला ओरखडा पडून पेशी जिवंत राहिली, तर त्याचा हिशेब कित्येक वर्षांनी येतो.

असा हिशेब बेल्जियमने पाहिला आहे. 1990च्या सुमारास तिथल्या एका केंद्रात वजन कमी करायच्या चिनी वनौषधीत नामसाधर्म्यामुळे भलतीच वनस्पती आली, आपल्या सापसंदाच्या जातकुळीतली. शंभराहून अधिक जणांची, त्यांत बहुतेक बायकाच, मूत्रपिंडं खराब झाली आणि पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडे 2021मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. वेल दुसऱ्या जातीची असू शकते, असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला, तरी घरात आलेली वेल नेमकी कोणती, हा प्रश्न उरतोच.

नानांना मी म्हटलं, "पोटात मुळं नाहीत, पण आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज रात्रंदिवस नव्या पेशी घडवतात. सहा फुलं-चार पानांत औषध अगदी थोडं असेल, मान्य. पण किती, ते तुम्हाला-मला मोजता येत नाही. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. आणि गोळी बंद केली तर साखर चढेल, ती तर नक्की."

हे आयुर्वेदाच्या विरोधात मी बोलत नाही. बिब्बा, बचनाग शुद्ध केल्याशिवाय वापरू नये, हे आपल्या वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक आहे. विष आहे हे आधी मान्य केलं, म्हणून तर त्यांनी शोधन शोधलं. 'झाडपाल्याचा अपाय होत नाही' हे वाक्य त्यांचं नव्हे. ते आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचं आहे.

मंडळातल्या मैत्रिणी हल्ली मला काढ्यांबद्दल विचारतात. मी उलट विचारते : झाड नक्की कोणतं? त्याचा कोणता भाग? किती आणि किती दिवस? सोबत कोणत्या गोळ्या चालू आहेत? आणि हे डॉक्टरांना सांगितलंय का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही. गावातल्या वैद्याला आपलं घराणं ठाऊक असायचं. इथल्या डॉक्टरला आपण सांगू तेवढंच कळतं.

नानांनी फेब्रुवारीत परत जाताना गोळ्यांचा डबा स्वतः भरला. सदाफुली खाणं त्यांनी सोडलं, पण रोजची सहा फुलं देवाला वाहणं चालू ठेवलं. आळीतल्या लोकांना काय सांगणार, असं मी विचारलं.

"सांगायचं कशाला? प्रत्येकाच्या घरी कांदा आहे," ते म्हणाले.