एका नावाचे दोन रकाने



आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून प्रकल्प-अहवाल लिहिणार आहात आणि तो बहुधा संगणकावरच लिहाल. म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे मांडते.

धाराशिव जिल्ह्यातील बोलींवरील माझ्या ग्रंथाचे काम अकरा वर्षे चालले. परंड्यापासून उमरग्यापर्यंत फिरून मी ध्वनिमुद्रणे केली, ती ऐकून शब्दशः उतरवली आणि सारे लेखन वर्ड प्रोसेसरमध्ये एकत्र आणले. पाचशेहून अधिक पाने झाली. एवढा पसारा हाताने आवरणे अवघड होते. प्रकरणांच्या शीर्षकांना ठरावीक 'स्टाइल' दिली, की त्यांवरून अनुक्रमणिका तयार करून घेता येते. मधली एखादी तळटीप गाळली, तरी पुढील टिपांचे क्रमांक आपोआप बदलतात. या सोयींमुळे मी काहीशी निर्धास्त झाले होते.

२०२३ साली जिल्ह्याचे अधिकृत नाव 'उस्मानाबाद'ऐवजी 'धाराशिव' झाले. ग्रंथ तेव्हा छपाईला जाण्याच्या बेतात होता. नाव अद्ययावत करावे म्हणून मी 'फाइंड अँड रिप्लेस'ची चौकट उघडली, वर जुने नाव लिहिले, खाली नवे लिहिले आणि 'रिप्लेस ऑल' ही आज्ञा दिली. हजाराहून अधिक ठिकाणी बदल झाल्याचा निरोप क्षणात आला. मी समाधानाने फाइल जतन करून संगणक बंद केला.

आठवड्याने मुद्रिते वाचताना प्रथम हसू आले. साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली उस्मानाबादी शेळी 'धाराशिवी' झाली होती. पुढे 'धाराशिवेत' असे रूप दिसले. '-बाद' अंती असलेली गावांची नावे मराठीत स्त्रीलिंगी वळणाने चालतात. त्यांचे सामान्यरूप एकारान्त होते, जसे हैदराबादेत, उस्मानाबादेत. 'धाराशिव'चे मात्र 'धाराशिवात' होते. युनिकोडमध्ये मात्रा हे अक्षरापुढे येणारे स्वतंत्र चिन्ह असते. त्यामुळे संगणकाने 'उस्मानाबाद' एवढेच काढले आणि मागे उरलेली मात्रा नव्या नावातील 'व'ला चिकटली. शब्द बदलला, पण त्याचे व्याकरण बदलले नाही.

याहून गंभीर चुका पुढे होत्या. १९८२ पर्यंत लातूर या जिल्ह्यातच होते; त्या काळातील नोंदींवर आजचे नाव चढल्याने जिल्ह्याच्या विस्ताराविषयीच वाचकाचा गैरसमज झाला असता. जुन्या ग्रंथांची शीर्षकेही बदलली होती.

मग स्थलनामांचे प्रकरण उघडले आणि हात थबकला. कोण कोणत्या प्रसंगी 'उस्मानाबाद' म्हणतो आणि कोण 'धाराशिव', हाच त्या प्रकरणाचा विषय होता. तक्त्यात दोन रकाने होते. आता दोन्ही रकान्यांच्या माथ्यावर 'धाराशिव' होते आणि खालची सारी उदाहरणेही एकसारखी झाली होती. पुरावाच पुसला गेला होता. फाइल बंद केल्यामुळे 'अन्डू'चा मार्ग उरला नव्हता, आणि पेन ड्राइव्हवरील प्रत हे प्रकरण लिहिण्यापूर्वीची होती.

सारी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकण्यावाचून इलाज नव्हता. त्यांत लोहारा तालुक्यातील एक आजी होत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची हकीकत सांगताना त्या म्हणतात, जखमी मुलाला उस्मानाबादच्या दवाखान्यात नेले. थोड्या वेळाने वडिलांच्या बाजारहाटाची आठवण निघते, तेव्हा त्याच आजी सहज 'धाराशिव' म्हणतात. दवाखाना, कचेरी, कागद यांसाठी एक नाव आणि घरच्या आठवणींसाठी दुसरे! "तुम्ही बोललात तसेच लिहीन," असा शब्द मी त्यांना दिला होता. मी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकत होते, तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्यांना विचारून काही दुरुस्त करणे शक्य नव्हते. ध्वनिमुद्रण होते म्हणूनच त्यांचा शब्द त्यांना परत देता आला. त्या कामाला तीन महिने लागले.

आपण अहवाल लिहाल तेव्हा एवढे करा. मोठा बदल करण्यापूर्वी फाइलची तारखेसह वेगळी प्रत ठेवा. मुलाखती व अवतरणे यांना स्वतंत्र 'स्टाइल' द्या, म्हणजे आपले लेखन कोणते आणि इतरांचे शब्द कोणते, हे नजरेस येईल. 'रिप्लेस ऑल' टाळून एकेक शब्द पाहत पुढे जा. वेळ लागेल, पण प्रत्येक ठिकाणी हा शब्द कोणाचा आहे, हे संगणक विचारणार नाही, ते आपल्यालाच विचारावे लागेल.

माझ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आज 'धाराशिव' आहे. आतल्या तक्त्यात मात्र दोन रकाने आहेत, आणि आजींची दोन वाक्ये त्या दोहोंत आपापल्या जागी आहेत.