राजाजीनगर ते होसहळ्ळी

बंगळुरूच्या राजाजीनगरातली कॉलेजची मुलं सुटीत सेवेला जायचं म्हणतात. मग जावं म्हैसूरपलीकडच्या हेग्गडदेवनकोटे भागात! इथल्या जेनु कुरुबांचं पिढीजात काम मध काढायचं. कबिनी धरण झालं, अभयारण्यं झाली आणि त्यांना जंगलाबाहेर यावं लागलं. आज त्याच कबिनीकाठी महागडी रिसॉर्ट्स उभी आहेत.

१९८४ साली म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट’ सुरू केली. विद्यार्थ्यांचा उत्साह परीक्षेपर्यंतच टिकतो म्हणतात. इथे मात्र काहीजण डॉक्टर होऊन आदिवासींमध्येच राहिले. ब्रह्मगिरीच्या गोठ्यात भरणारी शाळा पुढे होसहळ्ळीला गेली, सरगूरला रुग्णालय झालं. आठ दिवसांच्या पाहुण्यांनी तिथे आधी मधाचं पोळं कसं उतरवतात, ते विचारावं. औषधाच्या गोळ्या नंतर!